मागच्या एअर शॉकपसोबत आठ महिने: पांदण, फुफाटा आणि चिखलदऱ्याचा उतार

परतवाड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. घरून निघालं की आधी दोन किलोमीटर पांदण रस्ता, मग गोट्यांची वाट आणि रविवारी चिखलदऱ्याचा घाट. सप्टेंबरात दोन्हीकडं सस्पेन्शन असलेली सायकल घेतली. मागं हवेवरचा शॉकप. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकांनी विचारलं, "काय रे, सायकलीले बी शॉकप असते?" असते, आणि नीट बसवला तर अंगाला फार सुख देते.

पण नीट बसवायला मला दीड महिना लागला. दुकानदारानं डिलिव्हरीआधी सरसकट १२० पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा भरून दिली, वजन विचारलंच नाही. माझं वजन ७४ किलो, पाठीवर पाणी आणि पान्यांची पिशवी धरून ७८. बैलगाडीच्या चाकोरीतून बाहेर येताना शॉकप दर वेळी तळाला आपटायचा. मी सायकललाच दोष देत होतो.

सुरुवात शॉक पंपापासून. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथं चालत नाही. शॉकपमधली जागा इवलीशी, त्यात थेंबाथेंबानं हवा भरावी लागते आणि दाब दोनशेच्या घरात न्यावा लागतो. ३०० पीएसआयपर्यंतचा छोटा पंप घ्याच, त्याशिवाय हा शॉकप घेऊन उपयोग नाही. पंप काढताना 'फुस्स' होतं ती नळीतली हवा असते, शॉकपमधली नाही. खात्री करायला पंप पुन्हा लावला की काटा दहा-पंधरानं खाली दिसतो, कारण थोडी हवा नळीत शिरते. महिनाभर मी त्या काट्यामागं धावत होतो.

वजनाचे पौंड तेवढा पीएसआय, हा सुरुवातीचा ढोबळ हिशोब. खरं माप सॅगचं, म्हणजे आपण नुसतं बसल्यावर शॉकप किती दबतो त्याचं. माझ्या शॉकपचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, ५० मिमी; मला सॅग त्याच्या २८ टक्के, म्हणजे १४ मिमी हवा होता. शॉकप घट्ट-मोकळा करायचा लीव्हर ओपनवर, म्हणजे मोकळा ठेवायचा, पाठीवर पिशवी घ्यायची, भिंतीला टेकून उसळी न मारता बसायचं. पुतण्या शॉकपच्या दांडीवरची रबरी रिंग सीलपर्यंत (दांडीभोवतीच्या हवा अडवणाऱ्या रबरापर्यंत) सरकवतो, मी अलगद उतरतो आणि तो कंपासपेटीतली पट्टी लावून "चौदा!" म्हणून ओरडतो. हवा भरल्यावर शॉकप आठ-दहा वेळा हळूहळू दाबून घ्यायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत दाब सारखा होतो. त्यानं काटा उतरतो, मग पुन्हा भरायची. ही पायरी मला कोणीच सांगितली नव्हती. शेवटी माझा आकडा १८० वर बसला.

रिबाउंड म्हणजे दबलेला शॉकप परत वर येण्याचा वेग. त्याची चकती पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजतो. थंडीत सात. फार मोकळा ठेवला तर मागचं चाक उसळतं, फार आवळला तर लागोपाठच्या गोट्यांवर शॉकपला वर यायला वेळच मिळत नाही, दबतच जातो. आमच्या वाटेवर मला दुसरा त्रास जास्त झाला.

आणि आता उन्हाळा. पहाटे १५ अंशांत भरलेली १८० ची हवा ४५ अंशांत २०० च्या आसपास जाते. एप्रिलमधल्या एका दुपारी सायकल उन्हात उभी होती, उतारावर मागचं चाक दगडासारखं कडक लागलं. सॅग मोजला तर १२. तेव्हापासून ज्या वेळेला निघायचं त्याच वेळेला मोजतो. शॉकपमधलं तेल गरम होऊन पातळ होतं म्हणून रिबाउंडही एक क्लिक आवळून सहावर. विदर्भात हे करायलाच पाहिजे, थंड मुलखातल्या माणसाचा आकडा इथं जसाच्या तसा लागू पडत नाही.

मोठा नाला उतरताना तरी कधीतरी तळ गाठायचा. तिथं हवा वाढवली नाही, आत एक व्हॉल्यूम स्पेसर, म्हणजे हवेची जागा कमी करणारा तुकडा टाकला. सुरुवातीचा मऊपणा तसाच राहिला, शेवटचा भाग मात्र घट्ट झाला. आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला निर्णय.

देखभालीत काळी माती खरी वैरी. वाळली की दांडीवर सिमेंटसारखी बसते आणि सीलखाली कण ओढले जातात. ओल्या मऊ फडक्यानं पुसायची, गाड्या धुवायच्या प्रेशरच्या पाण्यानं नाही. एअर कॅन, म्हणजे शॉकपचा हवेचा डबा, साधारण ५० तास सायकल चालवल्यावर उघडायला सांगतात, फुफाट्यामुळं मी ४० वरच उघडतो. आधी सगळी हवा हळूहळू सोडायची, मध्ये मध्ये शॉकप थोडा दाबायचा. झटक्यात सोडली तर आतल्या कप्प्यात हवा अडकून शॉकप दबलेलाच राहतो. नायट्रोजन भरलेल्या डॅम्परला, म्हणजे शॉकपच्या तेलाच्या भागाला, घरी हात लावत नाही.

गेल्या आठवड्यात सील बदलले. जुन्याच्या कडेला काळ्या मातीची केसाएवढी रेघ होती, दांडीवर मात्र ओरखडा नाही. मृगाच्या आधी सीलचं आणखी एक किट मागवून ठेवलंय.