उभी मालगाडी जागची हलू नये म्हणून: हँडब्रेक, वेज, स्किड आणि साखळी यांची पारख

भरलेली बॉक्सएन वाघीण (कोळसा, खनिज वाहणारी उंच भिंतींची उघडी वाघीण) साधारण 81 टनांची. अशा 58 जोडल्या की रेक होतो जवळपास 4,700 टनांचा. स्टेशन यार्डात 400 ला 1 (400 मीटरला 1 मीटर) यापेक्षा जास्त उतार सहसा चालत नाही आणि शिफारस तर 1,200 ला 1 ची आहे. 400 ला 1 हा उतार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तरी तो टनामागे अडीच किलोने ओढतो, म्हणजे त्या रेकवर सतत पावणेबारा टनांची ओढ राहते. रोलर बेअरिंगचं चाक एकदा फिरू लागलं की त्याला याहून कमी जोर पुरतो. इंजिन काढून रेक उभा करायचा असेल, तर या ओढीशी झुंजायला हाताशी उरतं ते इथे तपासलेलं साहित्य. साखर कारखाना, सिमेंट किंवा औष्णिक केंद्राची साइडिंग (मुख्य लाइनपासून फुटलेला बाजूचा रूळमार्ग) सांभाळणाऱ्यांसाठी हे आहे, आणि सांधे बदलणाऱ्या, वाघिणी जोडणाऱ्या पॉइंट्समनसाठी तर आहेच.

आधी या यादीत नसलेल्या गोष्टीबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. एअर ब्रेक गाडी थांबवण्यासाठी उत्तम, उभी ठेवण्यासाठी भरवशाचा नाही. गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो हवेचा दाब असतो. तो झटक्यात कमी झाला तर वाघिणीवरचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व ब्रेक लावतो. सहा सेकंदांत 0.6 किलो उतरला तर ब्रेक लागलाच पाहिजे. मिनिटाला 0.3 किलोच्या संथ गळतीकडे मात्र त्याने दुर्लक्ष करावं अशीच त्याची रचना आहे, नाहीतर धावत्या गाडीचे ब्रेक किरकोळ गळतीनेही लागत राहिले असते. त्यामुळे ब्रेक न लावता सोडलेल्या गाडीची हवा हळूहळू गेली, तर ब्रेक आपोआप लागतीलच असं नाही. आणि लावलेले असले तरी सिलिंडरमधली हवा तासागणिक झिरपत जाते. कॅनडात फील्ड गावाजवळच्या घाटात 3-4 फेब्रुवारी 2019 च्या रात्री कॅनडियन पॅसिफिकची 112 वाघिणींची धान्यगाडी इमर्जन्सी ब्रेकवर सुमारे तीन तास उभी होती. थंडी उणे 28 अंशांची. वाघिणींचे हँडब्रेक लावलेले नव्हते. गळती वाढली, गाडी सुटली आणि तिन्ही कर्मचारी गेले.

म्हणून पहिला क्रमांक हँडब्रेकचा, पाचपैकी साडेचार. हवेशी त्याचा संबंध नाही. चाक फिरवलं की दांडे आणि लिव्हरमार्फत ब्रेक ब्लॉक चाकावर आवळला जातो आणि तसाच राहतो. अर्धा गुण कापला तो त्याच्या फसवेपणासाठी. हातचाकाचा स्पिंडल (दांडा) गंजलेला असला तर हातचाक जड फिरतं आणि वाटतं की ब्रेक बसला. मधली एखादी पिन निसटलेली असली तर चाक फिरतं आणि ब्लॉक हलतही नाही. त्यामुळे हातचाक किती जड लागलं यावर जाऊ नये. खाली वाकून प्रत्येक ब्लॉक चाकाला टेकलाय का ते पाहावं, ब्लॉकला लाथ मारून पाहावी. खुळखुळला तर तो ब्रेक मोजायचा नाही, पुढच्या वाघिणीकडे जायचं. ब्लॉक झिजून 10 मिलिमीटरवर आला असेल तरीही तेच.

किती वाघिणींचे लावायचे? आपल्याकडे रूढ पाठ आहे दोन्ही टोकांकडून किमान सहा-सहा. आमची तक्रार या ‘किमान’ शब्दाशी आहे, कारण कामावर तोच आकडा कमाल होऊन बसतो. 6 जुलै 2013 ला क्युबेकमधल्या लाक-मेगांतिकला जे झालं ते याच आकड्यांच्या गफलतीतून. कच्च्या तेलाच्या 72 टाक्या आणि 5 इंजिनं असलेली गाडी 1.2 टक्के उतारावर, नांत गावाजवळ, मुख्य लाइनवरच उभी केली. हँडब्रेक लावले 7. कंपनीच्या नियमाप्रमाणे किमान 9 हवे होते. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर हिशेब केला तेव्हा आकडा निघाला किमान 17, कदाचित 26 पर्यंत. म्हणजे नियम तंतोतंत पाळला असता तरी ती गाडी फक्त हँडब्रेकवर थांबली नसती.

मग चालकाने चाचणी घेतली नव्हती का? घेतली होती, पण इंजिनाचा स्वतंत्र ब्रेक (फक्त इंजिनाच्या चाकांवर लागणारा) लावलेला ठेवून. धरून ठेवलं होतं इंजिनाने आणि श्रेय मिळालं हँडब्रेकना. रात्री त्याच इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलाने ते बंद केलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा संथ गळत गेली. गळती इतकी संथ होती की वाघिणींचे ब्रेक लागलेच नाहीत. पुढे सुमारे साडेअकरा किलोमीटर उतार, ताशी शंभराच्या वर वेग, गावाच्या मध्यभागी 63 टाक्या घसरल्या आणि 47 माणसं मेली. त्यानंतर कॅनडाच्या नियमात उतार आणि एकूण टनेज यांवरून हँडब्रेकची संख्या ठरवणारा तक्ता आला. एका सरसकट आकड्यापेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा आहे.

चाचणीची योग्य रीत अशी. हँडब्रेक आवळून झाले की इंजिन जोडलेलं असतानाच गाडीचे एअर ब्रेक सोडायचे आणि इंजिनाचा स्वतंत्र ब्रेक (एसए-9) सुद्धा सोडायचा. दोन-चार मिनिटं एका चाकावर नजर ठेवायची. मग इंजिनाने उताराच्या दिशेला हलका धक्का द्यायचा. रेक सरकून परत थबकला तर ठीक. सरकतच राहिला तर ब्रेक लावून आणखी हँडब्रेक आवळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. इंजिन सुटं करायचं ते यानंतरच.

लाकडी वेजला, म्हणजे चाकाखाली ठोकायच्या पाचरीला, तीन गुण. स्वस्त, हलकी, एका माणसाला चार उचलता येतात. पण ती फक्त स्थिर चाकाला अडवते. चाकाच्या पायाशी, रुळाच्या माथ्यावर घट्ट ठोकून बसवलेली असली तरच तिचा उपयोग. दोन बोटांची फट राहिली की चाकाला तेवढी धाव मिळते आणि ते वेज चिरडतं किंवा बाजूला उडवतं. पावसाळ्यात ओल्या, तेलकट रुळावर तर ती सरळ घसरत जाते. भेगा पडलेली वेज वापरात ठेवू नये.

लोखंडी स्किडला, म्हणजे रुळावर ठेवायच्या जीभवाल्या अडसराला, चार. चाक तिच्या जिभेवर चढतं आणि वाघिणीचं वजनच स्किडला रुळावर दाबून धरतं, त्यामुळे थोडी गती आली तरी तिच्यात दम असतो. दोष एवढाच की वाकडी जीभ किंवा चुकीची बसवण चाकाला रुळावरून उतरवू शकते. जोडी दोन्ही रुळांवर समोरासमोर हवी.

साखळी-कुलपाला दोन, आणि तेही कुणी उगाच गाडी हलवू नये यासाठी. जवळपास 4,700 टनांच्या रेकच्या ओढीपुढे साखळीवर भिस्त ठेवणं चूक. सैल साखळी म्हणजे चाकाला दिलेली मोकळीक.

रिकाम्या रेककडे दुर्लक्ष होतं ते वेगळंच. बॉक्सएनच्या उंच भिंतींवर वारा भरतो आणि वजन मात्र एक चतुर्थांशाहून थोडंच जास्त. 7 जून 2023 ला ओडिशात जाजपूर-केओंझर रोडला वादळात इंजिन नसलेल्या वाघिणी सरकल्या आणि आडोशाला खाली बसलेले सहा मजूर चिरडले गेले. वळवाच्या दिवसांत रिकाम्यालाही भरल्याएवढेच हँडब्रेक लावावेत.

शेवटची तटबंदी स्थापत्याची. घाटात तिची किंमत कळते. भोर घाटात 37 ला 1 उतार आहे. तिथे उतरणाऱ्या गाड्यांना ठरावीक थांबे घ्यावे लागतात, गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावर पुढचा रस्ता मिळतो, आणि सुटलेल्या गाडीला बाजूला घेऊन थांबवणाऱ्या कॅच साइडिंग आहेत. सपाट मुलखात असा पहारा नसतो. 25 फेब्रुवारी 2024 ला कठुआहून खडीने भरलेली 53 वाघिणींची गाडी चालकाविना निघाली ती पंजाबात उंची बस्सीपर्यंत, सत्तर किलोमीटरच्या आसपास. कुणी दगावलं नाही. साइडिंग मुख्य लाइनला जिथे मिळते तिथे ट्रॅप पॉइंट किंवा डीरेल स्विच (सुटलेली वाघीण मुख्य लाइनवर जाण्याआधी रुळावरून उतरवणारी सोय) चालू स्थितीत आहे का, आणि त्याच्यापुढे वाळूचा ढीग शाबूत आहे का, हे महिन्यातून एकदा तरी पाहावं.

काढण्याचा क्रम लावण्याच्या उलट. आधी इंजिन जोडून पाइप 5 किलोपर्यंत भरायचा आणि गाडीचे ब्रेक लावून ठेवायचे. मग साखळ्या, मग वेज आणि स्किड मोजून. आठ ठेवल्या असतील तर आठच हातात यायला हव्यात, कारण रुळावर राहिलेली एक स्किड निघताना वाघीण पाडायला पुरते. हँडब्रेक सर्वांत शेवटी. एखादा आवळलेलाच राहिला तर चाक घासत जातं, तापतं, सपाट पडतं. म्हणून नोंदवहीत हँडब्रेकची संख्या पुरेशी नाही, वाघिणींचे क्रमांक लिहावेत.