थीब्जच्या थडग्यातला रंगीत तुकडा: पॅरालॉइड की क्लुसेल?

इजिप्तमधल्या थीब्जच्या (आजच्या लक्सरच्या) प्राचीन थडग्यातल्या चुनखडीच्या तुकड्यावरचा रंग सुटू लागला की तो परत चिकटवताना अडतं इथेच: पॅरालॉइड बी-७२ (अॅक्रिलिक राळ) घ्यावं की क्लुसेल-जी (सेल्युलोजपासून बनवलेलं चिकटद्रव)? पाण्यातले चिकटद्रव आधीच बाद. हा रंग डिंकात किंवा सरसात कालवलेला असतो, पाण्याने सुटतो. शिवाय दगडातलं मीठ विरघळून वर येतं आणि सुकताना रंगालाच ढकलतं.

पकड पॅरालॉइडची भक्कम. अ‍ॅसिटोनमधलं ३ ते ५ टक्क्यांचं द्रावण वळलेला पापुद्राही बसवतं. इथॅनॉलमधलं १ टक्का क्लुसेल भुकटी होणाऱ्या रंगाला पुरतं, जाड पापुद्र्याला नाही.

खरी अडचण रूपाची. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडताना राळ वर ओढून आणतं. इजिप्शियन निळ्याचे, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या कृत्रिम निळ्या रंगद्रव्याचे, भरड कण काळपट होऊन चकाकतात. म्हणून आधी कडेखाली इथॅनॉलचा थेंब, मग बारीक कुंचल्याने राळ फक्त पापुद्र्याखाली, वर सिलिकॉन कागद ठेवून हलका दाब. क्लुसेल पातळ लावलं तर रंग मॅटच राहतो.

पॅरालॉइड सहसा पिवळं पडत नाही, पण ४० अंशांच्या आसपास मऊ होतं. लक्सरच्या उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात धूळ धरतं. क्लुसेल दमट हवेत ढिलावतं. ‘सहज काढता येतं’ हा दावा सोडून द्या, सच्छिद्र दगडात मुरलेलं पूर्ण कधीच निघत नाही.

उचललेले पापुद्रे आणि थंड संग्रहालय असेल तर पॅरालॉइड. बोटाला लागणारा पांढरा-निळा रंग आणि कोरडी हवा असेल तर क्लुसेल. एकाच तुकड्यावर दोन्ही दोष असतील तर दोन्ही वापरा, जागा वेगवेगळ्या ठेवून.