मामांची ट्रंक आणि औरंगपुऱ्यातलं स्कॅनिंग

दुकानाचं नाव सांगत नाही, कारण थोडी नावंही ठेवायची आहेत. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात, झेरॉक्सवाल्यांच्या गर्दीत एका जिन्याखाली आहे एवढंच.

आमचे मामा पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि पुढं जन्मभर रशियन लेखक चेकॉव्हवर टिपणं काढत बसले. ते गेल्यावर अंबाजोगाईच्या घरी मामींनी पत्र्याची ट्रंक माझ्यापुढं सरकवली. "तूच बघ बाई, रद्दीवाला दोनदा विचारून गेला." आत अकरा वह्या, बुटाच्या खोक्यात कार्डं आणि लुगड्याच्या फडक्यांत बांधलेले कागदांचे तीन रुमाल. कसर लागलेली, पण कडांनाच. एसटीत ट्रंकेचं वेगळं तिकीट पडलं, ते असो.

स्कॅनिंगला पैकीच्या पैकी मार्क. मी आधीच बजावलं होतं की कागद मशीनमध्ये ओढू द्यायचे नाहीत, काचेवर एकेक ठेवायचा. तिथल्या पोरानं तसंच केलं. गंजलेल्या टाचण्या ओढल्या नाहीत, खाली प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सोडवल्या. मामांच्या कार्बन कॉप्यांचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पाठचा मजकूर पुढं दिसणारा. पोरानं प्रत्येक पानामागं काळा कार्डपेपर ठेवला आणि अक्षर लख्ख उठलं. चहासुद्धा बाहेर जाऊन प्यायचा. १,८४० पानं, पानाला ३ रुपये. महाग म्हणणार नाही.

घोळ झाला तो कागदांच्या यादीत. यादीचे ६०० रुपये वेगळे, आणि ते वायाच गेले.

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला तर फोल्डरची नावं 'मॉम १', 'मॉम २', 'मॉम ३'. मला वाटलं, आजीची पत्रं निघाली की काय! मग डोक्यात प्रकाश पडला. रशियन हस्ताक्षरात 'त' इंग्रजी एमसारखा काढतात. मामांनी लिहिलं होतं 'तोम', म्हणजे खंड. पोरानं दिसलं तसं टाइप केलं. त्याला तरी काय बोलणार?

तारखांचं मात्र मनाला लागलं. रशियात १९१८च्या फेब्रुवारीपर्यंत जुनं कॅलेंडर होतं, एकोणिसाव्या शतकात आपल्याहून १२ दिवस मागं. म्हणून मामा प्रत्येक कार्डावर दोन्ही तारखा लिहीत. चेकॉव्हचा जन्म १७ जानेवारी, कंसात २९ जानेवारी १८६०. यादीत कंस गायब. "दोन-दोनदा लिहिलं होतं ताई, एक काढून टाकलं." कुठली काढली? कधी पहिली, कधी दुसरी. कार्डं समोर घेऊन सगळ्या नोंदी परत तपासल्या, दोन रविवार गेले.

आणि अंतोन पाव्हलोविच चेकॉव्ह 'प'मध्ये! पाव्हलोविच हे आडनाव नाही, बापाचं नाव आहे, आपल्यासारखंच मधे लावतात, असं सांगितल्यावर पोरगा हसला. "मग माझंबी तसंच की." लगेच बसून सगळ्या ओळी 'च'खाली नेल्या, वर पैसे मागितले नाहीत.

मालकाला रुमालांतल्या कागदांचा क्रम बदलल्याचं सांगितलं तर म्हणाले, "कागद तर तेच आहेत ना?" मामांनी कुठल्या गोष्टीचं टिपण कुठल्या पत्राला लावून ठेवलं होतं, ते आता गाठी आठवून जुळवतेय.

पाचपैकी साडेतीन. ट्रंकेच्या तळाशी अजून दोन वह्या सापडल्यात. दिवाळीनंतर त्याच पोराकडं नेणार, पानांवर पेन्सिलनं आकडे घालून आणि यादी घरूनच करून.