कूस बदलता येते का, उठता येते का? सांधेदुखीवाल्यांसाठी कोकणात मिळणाऱ्या गाद्यांची पारख

गादीच्या दुकानात शिरलेला माणूस आधी गादीवर तळहात दाबून बघतो. हाताला मऊ लागली की सौदा निम्मा झालाच. संधिवाताच्या माणसाला या परीक्षेचा काडीचा उपयोग नाही. गुडघे, खुबे, खांदे दुखणाऱ्याची रात्र बिघडते ती दोन वेळा, कूस बदलताना आणि उठताना. कोकणात तिसरी परीक्षा पावसाची. रत्नागिरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि एसी लावलेल्या शोरूममध्ये कोरडी ठणठणीत असलेली गादी श्रावणात कशी होईल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. या तीन कसोट्यांवर बाजारातला माल घासून पाहिला तर निकाल जाहिरातींच्या बरोबर उलटा लागतो.

सांधेदुखी म्हटल्यावर दुकानदार हमखास पुढे करतो ती मेमरी फोमची गादी. हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासासाठी, विमानातल्या आसनांकरिता तयार झाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो, शरीराचा साचा धरतो आणि सावकाश मूळ आकाराला येतो. कुशीवर झोपणाऱ्याच्या खुब्यावरचा आणि खांद्यावरचा दाब त्याने खरोखर कमी होतो, त्यात खोटे नाही. पण तासाभरात माणूस स्वतःच्याच आकाराच्या खळग्यात पडलेला असतो. कूस बदलायची म्हणजे त्या खळग्यातून वर चढायचे, आणि चढण्यासाठी जोर द्यायचा तो कोपराने आणि गुडघ्याने, म्हणजे नेमक्या दुखऱ्या सांध्यांनी. निरोगी माणूस रात्रीत कितीतरी वेळा नकळत वळतो. इथे प्रत्येक वळणाला जाग येते. त्यात किनाऱ्यावरची ऐन उन्हाळ्यातली रात्र सहसा २५-२६ अंशांच्या फार खाली उतरत नाही, त्यामुळे फोम जास्तच मऊ पडतो आणि पाठीखाली घाम साचतो. सहा इंच सबंध मेमरी फोमची गादी कोकणात घेऊ नका. घेऊन झालीच असेल तर खाली कडक गादी घालून वरचा मऊ थर दोन इंचांपुरताच ठेवता येतो का ते बघा. पुष्कळ गाद्यांची खोळ चेनने उघडते आणि थर सुटे करता येतात.

दुसरे टोक काथ्याच्या गादीचे. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून केलेली ही गादी आपल्या हवेत चालायचीच अशी समजूत आहे, ती अर्धी खरी. हवा आरपार खेळते, कडा खचत नाही, त्यामुळे काठावर बसून उठायला ती उत्तम. सहा बाय तीन फुटांची चार इंची गादी साधारण १५ किलोची, घरातले कोणीही उभी करू शकते. पण नुसत्या काथ्यावर कुशीवर झोपले की खुब्याचे हाड टोचते, आणि काही वर्षांत मध्यावर बशीसारखा खड्डा पडतो. काथ्या तुटायला लागल्याची खूण म्हणजे गादीखाली तपकिरी भुसा दिसू लागतो. तो दिसला की गादी उलटसुलट करत बसण्यात अर्थ नाही, तिचे दिवस भरले.

बुरशी मात्र बहुतेक वेळा गादीमुळे धरत नाही, पलंगामुळे धरते. खाली सामानाची पेटी असलेला, वर अखंड प्लाय ठोकलेला बॉक्सपलंग आता घरोघरी आहे. ऑगस्टमध्ये त्यावरची गादी उचलून पाहा. प्लायवर झोपणाऱ्याच्या पाठीच्या आकाराचा ओलसर डाग असतो, आणि गादीच्या खालच्या कापडावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. अंगाचा दमटपणा गादीतून खाली उतरतो, थंड प्लायला भिडतो आणि तिथेच अडकतो, कारण त्याला जायला वाट नाही. सुताराला बोलावून प्लायला दर आठ-दहा इंचांवर एक इंची भोके पाडून घ्यावीत. अर्ध्या दिवसाचे काम आहे. नवा पलंग करणार असाल तर पट्ट्यांचाच करा, दोन पट्ट्यांत दोन-अडीच इंचांची फट पुरे. फट तीन इंचांपुढे गेली तर गादी तिच्यात उतरू लागते. गादीवर रेक्झिनचे कव्हर नको, घाम कोंडतो. सुती टॉवेलसारख्या कापडाला आतून पाणी अडवणारा पातळ थर दिलेले संरक्षक मिळते, ते चालते.

आमची पहिली पसंती मेमरी फोम आणि नुसता काथ्या या दोहोंच्या मधल्या मालाला: खाली चार इंच काथ्या, वर दोन इंच लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेला लवचीक थर. लॅटेक्स दाबले की दबते, पण सोडताक्षणी वर येते, आणि हा लगेच वर येण्याचा गुण कूस बदलताना कामी येतो. शरीर खळग्यात अडकत नाही, उलट वळायला हलका टेकू मिळतो. त्यातली बारीक भोके आरपार असल्याने फोमइतकी उबही साचत नाही. फार कडक गादी म्हणजे पाठीला चांगली, हा समज वैद्यकीय चाचणीत टिकलेला नाही. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, स्पेनमधल्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात मध्यम कडक गादीवरच्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला. तो अभ्यास जुनाट कंबरदुखीचा होता, संधिवाताचा नव्हे. तरी कडक फळीवर झोपा असा सरसकट सल्ला देणाऱ्यांना सांगण्यासारखा आहे.

लॅटेक्सच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे वजन. सहा बाय सहा फुटांची सहा इंची सबंध लॅटेक्सची गादी ३५ ते ४० किलोंच्या घरात जाते. बोटांचे सांधे आखडलेल्या माणसाने तिची चादरसुद्धा नीट खोचता येईल असे समजू नये. दुसरी खोड ऊन. आपल्याकडे पाऊस सरला की गाद्या अंगणात काढायची सवय आहे. लॅटेक्स कडक उन्हात पिवळे पडते, मग चिरते, आणि पाव कुस्करावा तसे त्याचे तुकडे पडतात. त्याला पडवीत, सावलीत, वाऱ्याला उभे करायचे. चिकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने लॅटेक्सच्या वाटेला जाऊ नये.

जोडप्यासाठी एक मोठी गादी घेण्यापेक्षा सहा बाय तीनच्या दोन शेजारी टाका. एक वळला की दुसऱ्याची झोपमोड होत नाही, एकाला कडक आणि एकाला मऊ घेता येते, आणि दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवणे खरोखर होते. मोठ्या गादीच्या बाबतीत हे काम कागदावरच राहते.

आता कापसाच्या गादीकडे. तिला मोडीत काढायची घाई झाली आहे, पण हौसेने भरून घेतलेली कापसाची गादी पाच-सहा महिने तरी दुकानातल्या कुठल्याही मालाला मागे टाकते. थंड लागते, कडक असूनही टोचत नाही, कूस सहज वळते. मेख त्या पाच-सहा महिन्यांत आहे. कापूस हवेतला ओलावा ओढतो, जड होतो, दबतो, आणि खुब्याखाली खोलगा पडतो. म्हणून ही गादी घेणे म्हणजे पिंजाऱ्याशी नाते जोडणे. दर दोन वर्षांनी उसवून, पिंजून, परत भरून घ्यायची तयारी असेल तरच या फंदात पडावे.

भरून घेताना पिंजाऱ्यासमोर बसावे, निदान कापूस तरी आधी पाहावा. बोंडाचा कापूस आणि चिंध्या पिंजून केलेला कापूस पिंजल्यावर सारखेच दिसतात. चिमूटभर घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढा. चांगल्या कापसाचे धागे लांबत, एकमेकांना धरत सुटतात. चिंध्यांचा असेल तर फटकन तुटतो, बोटांवर धूळ राहते आणि मधूनच निळा-लाल दोरा दिसतो. असली गादी एका पावसाळ्यात ढेकळे धरते. सहा बाय तीनच्या चार इंची गादीला दहा ते बारा किलो कापूस लागतो. आठ किलोंत भरून देतो म्हणणारा वर्षभरात तुम्हाला पलंगाच्या फळीवर आणून झोपवील. दाभणाने घातलेले आरपार टाके वीतभर अंतरावर हवेत. टाके विरळ असले की कापूस सरकतो, मध्ये रिता होतो आणि कडेला गोळा होतो. कंबरेखालच्या पट्ट्यात टाके जरा जवळ घालायला सांगितले तर तिथला खोलगा उशिरा पडतो. हे मागून घ्यावे लागते, आपणहून कोणी घालत नाही. काम मार्च ते मेमध्ये उरकावे. मिरग जवळ आला की गर्दी होते, आणि दमट कापूस नीट पिंजला जात नाही.

गादी कोणतीही घ्या, पलंगाची उंची चुकली तर सगळे वाया. खुर्चीवर बसून जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि त्यात दोन-तीन इंच मिळवा. गादीवर बसल्यावर गादी दबून जी उंची राहते ती एवढी हवी. बहुतेकांची १८ ते २१ इंचांत येते. यापेक्षा खाली बसले की उठताना गुडघ्याच्या वाटीवर फार ताण पडतो, आणि जास्त वर असले तर पाय अधांतरी लोंबतात. दहा इंचांच्या दिवाणावर सहा इंची गादी म्हणजे दबून जेमतेम पंधरा इंच. गुडघेदुखीवाल्यासाठी तो खड्डाच. पायांखाली लाकडी ठोकळे बसवता येतात, पण प्रत्येकाला वाटीसारखी खाच पाडलेली हवी, नाहीतर ओल्या लादीवर पलंग घसरतो. सुंभाच्या बाजेवर झोपायची सवय असेल तर तिची झोळी झालेली असते. पायथ्याची दोरी ताणून घ्या किंवा वर १२ मिलिमीटरचा प्लाय टाका. झोळीत खुबा आणि गुडघा रात्रभर वाकलेले राहतात आणि सकाळी सरळ व्हायला रडवतात.

उशांबद्दल थोडक्यात. सावरीच्या कापसाची उशी हलकी, ओलावा फारसा न धरणारी, आणि कोकणात अजून मिळते. लवकर चपटी होते एवढाच तिचा दोष. मानेचा त्रास असेल तर कुशीवर झोपल्यावर कान ते खांदा ही पोकळी भरेल एवढी उंची हवी, पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून कमी. गुडघ्यांमध्ये धरायची म्हणून विकतात ती डमरूच्या आकाराची छोटी उशी पैसे घालवण्यासारखी आहे. कूस बदलली की ती पलंगाखाली जाते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचेल असा लांबट लोड घ्या किंवा चादरीची घट्ट गुंडाळी करा. मात्र पाठीवर झोपून गुडघ्याखाली उशी ठेवायची सवय लावून घेऊ नका. तेवढ्यापुरते बरे वाटते, पण रोज रात्रभर वाकलेला गुडघा हळूहळू पुरता सरळ व्हायचाच थांबतो.

मच्छरदाणी आणि पांघरूण यांचा विचार गादीवाला करत नाही, आपण करायचा. गादीखाली चारी बाजूंनी खोचायची मच्छरदाणी म्हणजे सुजलेल्या बोटांना रोजची शिक्षा. जमिनीपर्यंत लोळणारी किंवा चेनवाली उभी घ्या. जड गोधडी पायाच्या बोटांवर दाब देते, म्हणून पायथ्याशी ती सैल सोडावी.

शेकायची रबरी पिशवी दोन तृतीयांश भरून, हवा काढून, कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे. उकळते पाणी नको, आणि तशीच घेऊन झोपणे तर नकोच, विशेषतः मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी. सांधा गरम, लाल, सुजलेला असेल तर शेक उलटा पडतो, तिथे थंड पट्टी. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर तो बहुधा झिजेचा. तासाहून जास्त टिकत असेल, त्यातून बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. अशा वेळी गादीचे पैसे आधी संधिवाततज्ज्ञाकडे न्यावेत. त्या आजारात पहाटेकडे दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात चढतात, आणि गादी कितीही भारी असली तरी ती त्यांना थोपवत नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर कंपन्या देतात त्या शंभर रात्रींच्या चाचणीचा (न पटल्यास गादी परत) नीट उपयोग करा. डिसेंबरात सुरू केलेली चाचणी मार्चमध्ये संपते, म्हणजे गादीने पाऊस पाहिलेलाच नसतो. मेच्या अखेरीस मागवा, म्हणजे शंभरावी रात्र सप्टेंबरात येते. परत न्यायला तुमच्या गावाच्या पिनकोडवर गाडी येते का हे आधी लेखी विचारा. पोचवायला येते आणि न्यायला येत नाही, असा प्रकार खाडीपलीकडच्या गावांत चालतो. वॉरंटीच्या कागदात दोन ओळी शोधा. खड्डा किती इंचांचा झाला तर बदलून मिळेल, ही एक. डाग किंवा बुरशी असेल तर वॉरंटी रद्द, ही दुसरी, आणि ती बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणून गादीच्या आधी प्लायची भोके.