घरातली निवांत संध्याकाळ: मिळून स्वयंपाक की सिनेमा?

खर्च दोन्हीत नावापुरताच. फरक पडतो तो बोलण्यात. सिनेमा लावला की दोन तास खांद्याला खांदा लागतो खरा, पण नजर पडद्यावरच असते. दिवसभर राबून दोघंही गळून गेला असाल तर तेच बरं. फोन तेवढे दुसऱ्या खोलीत ठेवा.

स्वयंपाकाचं तसं नाही. एकजण कांदा चिरतंय, डोळ्यांत पाणी आलंय, दुसरं चमच्यावर फुंकर मारून म्हणतंय, "मीठ बघ जरा." इथेच आठवडाभर राहून गेलेल्या गप्पा निघतात. म्हणून माझा कौल स्वयंपाकालाच. मात्र त्या दिवशी नवा, अवघड पदार्थ करायला घेऊ नका. तो फसला की चिडचिड होते. भांडी आधीच घासून ओटा मोकळा ठेवा, जेवणानंतर लगेच उठावं लागत नाही.

उजेडाचं दोन्हीकडे सारखंच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. झगझगीत पांढरा दिवा सुमारे ६५०० केल्विनचा, मेणबत्तीची ज्योत १९०० च्या आसपास. म्हणून ती उबदार वाटते. २७०० केल्विनचा पिवळसर दिवाही छान. सिनेमाच्या वेळी तो टीव्हीच्या मागे ठेवा, काचेवर चमक येत नाही.