ज्यू तरुणीच्या बनावट रोजनिशीच्या नावाने झालेली फसवणूक

नाझी जर्मनीच्या आउश्वित्झ छळछावणीत व्हायोलिन वाजवून जगलेल्या एका ज्यू तरुणीच्या रोजनिशीचा मराठी अनुवाद प्रकाशनपूर्व सवलतीत मिळेल, अशी जाहिरात फेसबुकवर पाहून मी क्यूआर कोडवर ६०० रुपये भरले. पुस्तक आले नाही, ते पान नाहीसे झाले आणि संपर्काचा क्रमांकही बंद झाला. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरत असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

त्यातले छायाचित्र नीट पाहिले की बनाव उघड होतो. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा कैद्याचा वेश, पण खांद्यावर दोन लांब वेण्या. छातीवरच्या क्रमांकातला एकही आकडा धड वाचता येत नाही. व्हायोलिनला चारऐवजी तीनच तारा. प्रत्यक्षात छावणीत दाखल होताच स्त्रियांचे केस कापले जात. मजकुरात ती १९४२ साली तिथल्या महिला वाद्यवृंदात होती असे म्हटले होते. तो वाद्यवृंद मुळात १९४३ मध्ये आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊ येथे उभा राहिला. तिच्या हातावर डाखाऊ या दुसऱ्या छळछावणीत क्रमांक गोंदल्याचाही उल्लेख होता, आणि कैद्यांना क्रमांक गोंदण्याची पद्धत तर फक्त आउश्वित्झ व त्याच्या उपछावण्यांत होती.

पैशांपेक्षा मला लागली ती खऱ्या स्त्रियांची विटंबना. त्या वाद्यवृंदाचे नेतृत्व ऑगस्ट १९४३ पासून व्हिएन्नाच्या नामवंत व्हायोलिनवादक आल्मा रोझे करत होत्या. संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या त्या भाची. एप्रिल १९४४ मध्ये छावणीतच त्यांचा मृत्यू झाला. अनिता लास्कर डिसेंबर १९४३ मध्ये तिथे आणल्या गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नोंदणीच्या वेळी, आपण चेलो (व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य) वाजवतो, हे एका कैदी मुलीला त्यांनी सहज सांगितले आणि वाद्यवृंदाला चेलोवादक हवी असल्यामुळे त्यांचा जीव वाचला. अशा साक्षी उपलब्ध असताना खोटी माणसे रचणे म्हणजे, नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार घडलाच नाही, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देणे होय. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या अशा बनावट कैद्यांविरुद्ध आउश्वित्झ संग्रहालयानेही २०२५ मध्ये इशारा दिला आहे.

पैसे भरण्यापूर्वी प्रकाशकाचा पत्ता आणि पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक मागावा, मूळ पुस्तक कोणत्या भाषेत व कोणी छापले ते विचारावे. या नरसंहाराच्या स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेची बळींच्या नावांची सूची कोणालाही विनामूल्य पाहता येते, मात्र त्यात नाव नाही म्हणून व्यक्ती खोटी ठरत नाही. पैसे गेलेच असतील तर व्यवहार क्रमांक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.