अँकीड्रॉइड: इंग्रजी नामांसाठी आठ महिने वापरून

बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग एलएलबी, आता तालुक्याच्या कोर्टात वकिलीचं दुसरं वर्ष. निकालपत्र वाचताना माझं घोडं अडतं ते नामांपाशी. शेतरस्त्याच्या एका दाव्यात ‘इझमेंट बाय प्रिस्क्रिप्शन’ आलं. मला प्रिस्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी एवढंच ठाऊक. सरांनी १८८२च्या इझमेंट्स ॲक्टचं कलम १५ उघडून दिलं: २० वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता केलेल्या वहिवाटीतून मिळणारा हक्क.

त्याच रात्री अँकीड्रॉइड घेतलं, म्हणजे अँकी या कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या प्रोग्रामचं अँड्रॉइड फोनवरचं ॲप. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट नसतानाही चालतं. एसटीत बसल्या बसल्या उजळणी होते. पुढे प्रश्न, मागे उत्तर. मग ‘अगेन, हार्ड, गुड, ईझी’पैकी एक बटण दाबायचं. आठवलेलं कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी येतं. विसरलेलं थोड्याच वेळात परत समोर.

सुरुवातीला कुणीतरी बनवलेला तयार संच उतरवला होता. त्यात ‘ॲक्विएसन्स म्हणजे कन्सेंट’, म्हणजे नुसती संमती, असं होतं. कोर्टात एवढ्यावर भागत नाही हो! आपला हक्क डावलला जातोय हे दिसत असूनही गप्प बसणं, हा त्याचा अर्थ. त्या गप्प बसण्यापायी माणसाचा दावा जाऊ शकतो. महिन्याभरात तो संच काढून टाकला.

आता कार्डं मीच बनवते. निकालपत्रातलं अख्खं वाक्य घ्यायचं, नाम गाळायचं, मागे मराठी अर्थ आणि प्रकरणातला प्रसंग. एका कार्डाला एकच अर्थ, हे मी कटाक्षाने पाळते. ‘कन्सिडरेशन’ची दोन कार्डं आहेत: एरवी विचार, करारात मोबदला. ‘प्रिसिडेंट’ म्हणजे पूर्वनिर्णय आणि ‘प्रिसिडन्स’ म्हणजे अग्रक्रम, यांत गल्लत व्हायची; दोन्हींना वेगवेगळी वाक्यं दिली आणि थांबली.

नवी कार्डं रोज २० असं आधीच ठरवलेलं असतं, ते ५ करून घ्या. दिवाळीत आठ दिवस गावी होते, परतल्यावर तुंबलेली उजळणी उरकायला चार रात्री गेल्या. आयफोनवाल्यांना अँकीचं ॲप विकत घ्यावं लागतं.

माझे पाचपैकी पाच. आजचं कार्ड ‘लॅचेस’: दिसायला अनेकवचन, आहे एकवचन. हक्क मागायला केलेला अवाजवी उशीर.